पवनारचे विनोबाजी

लाखनीहून हमरस्त्यानें नागपुरास जाऊन पुढें वर्ध्याची वाट धरली, म्हणजे वर्धा येण्यापूर्वीं धाम नदीच्या कांठीं पवनार हें गांव लागतें. ज्या पुरुषाच्या चार शब्दांस ब्रिटिश साम्राज्य भ्यालें, त्याचें वास्तव्य येथें होतें.

विनायक नरहरि भावे ह्यांचा जन्म कुलाबा जिल्ह्यांतील गागोदें येथें ११ सप्टेंबर १८९५ रोजीं झाला. १९१६ सालीं ते गांधीजींच्या आश्रमांत गेले, १९२१ सालीं वर्ध्यास आले, व १९३८ पासून पवनारास राहूं लागले. सूत कातावें व अध्ययन करावें, हाच त्यांचा नित्यक्रम. मोठ्या सभांत त्यांचें नांव क्वचितच ऐकूं येई.

सप्टेंबर १९३९ मध्यें व्हाइसरॉय लॉर्ड लिन्लिथगो ह्यांनीं हिंदी लोकांच्या प्रतिनिधींस न विचारतां हिंदुस्थान युद्धांत पडल्याचें जाहीर केलें. पुढील वर्षीं गांधीजींनीं वैयक्तिक सत्याग्रह योजिला, आणि पहिला सत्याग्रही म्हणून विनोबाजींस निवडिलें. १७ ऑक्टोबर १९४० रोजीं त्यांनीं पवनारच्या लोकांपुढें भाषण केलें. ह्या युद्धास माणसांचें वा पैशाचें साह्य करूं नये, आणि युद्धमात्राचा प्रतिकार अहिंसेनें करावा, असा त्याचा भावार्थ. मग गांवोगांव हेंच सांगत ते चालले. २१ तारखेस देवळी मुक्कामीं त्यांस पकडण्यांत आलें व तीन महिन्यांची शिक्षा झाली.

परंतु माणसास कोंडून सरकारचें समाधान होईना. ह्याच दिवसांत गांधीजींच्या 'हरिजन' पत्रास सूचना आली कीं, ह्या सत्याग्रहाविषयींचा मजकूर दिल्लीच्या अधिकाऱ्यास दाखविल्यावांचून छापूं नये. अशा अटीवर पत्र चालविण्यापेक्षां गांधीजींनीं तें, व त्याचीं हिंदी आणि गुजराथी भावंडेंहि, बंद ठेविलीं. तीं १९४२ च्या आरंभीं पुन्हां निघालीं.

वाचक विचारतील, एका कृश ब्रह्मचाऱ्याचें एवढें भय कां वाटावें? तोफा कारखान्यांत होतात. पण तोफेमागें उभा राहणारा शिपाई खेड्यांतून येतो, आणि युद्धनिधीचा रुपयाहि शेतकऱ्याच्याच कनवटीचा. मुलगा व रुपया देण्यापूर्वीं त्यानें कांहीं विचारूं नये, अशी सत्तेची इच्छा असते. हेरास पकडलें म्हणजे गुपित सुरक्षित राहतें. युद्ध नको म्हणणारा तर कांहींच गुपित फोडीत नाहीं. तो ऐकणाऱ्याची सदसद्विवेकबुद्धि जागी करितो, आणि ती जागी झाल्यावर तिला कोठें कोंडावें?

न्यायानें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, समोर हिटलर होता. युद्धाची भीषणता दाखविणारी रेमार्क ह्या जर्मन लेखकाची कादंबरी त्याच्या राज्यांत १९३३ सालींच चव्हाट्यावर जाळली गेली. तेथें विनोबाजींची तीन महिन्यांनीं सुटका झाली नसती. तथापि हिटलरशीं लढणाऱ्यांसहि युद्धनिषेधाचा शब्द सोसवला नाहीं, हें विसरतां येत नाहीं.

सुटतांच ते पुन्हां बोलले, व पुन्हां तुरुंगांत गेले. १९५१ सालीं सुरू झालेली त्यांची भूदानयात्रा सर्वांस ठाऊक आहेच. नव्या करारांतील वेंचे निवडून त्यांनीं 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध केलें, हें मात्र आपल्या मंडळ्यांत फारसें कोणी सांगत नाहीं. मत्तयाचा पांचवा अध्याय आपण उपासनेंत वारंवार वाचतों. १९४० सालीं किती व्यासपीठांवरून तो युद्धासंबंधानें उलगडून सांगितला गेला असेल, हा प्रश्न मज पाळकास टोंचतो.

अखेरच्या आजारांत अन्न व औषध वर्ज्य करून विनोबाजींनीं १५ नोव्हेंबर १९८२ रोजीं पवनार येथेंच देह ठेविला.