विश्लेषण : डॉ. आनंदीबाई जोशींचा जीव घेणारा क्षय फुप्फुसात शिरतो कसा?

मंचर : खोकला अंगावर काढणारे गावोगावी भेटतात. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे आयुष्य मात्र सांगते, की क्षय डॉक्टरलाही सोडत नाही.

आनंदीबाई डॉक्टर का झाल्या?

कल्याणला ३१ मार्च १८६५ रोजी त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी गोपाळराव जोशी यांच्याशी लग्न झाले. चौदाव्या वर्षी झालेले बाळ उपचारांअभावी दहा दिवसांत दगावले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय झाला. १८८३ मध्ये पतीशिवाय त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या.

पुढे काय झाले?

थंडी आणि अभ्यासाच्या ताणात तब्येत ढासळली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात महिला विभागाची जबाबदारी मिळाली होती, पण ती सांभाळण्याआधीच क्षयाने गाठले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता.

जंतू आत कसा पोहोचतो?

आपली श्वसनव्यवस्था उलट्या झाडासारखी असते. श्वासनलिका हे खोड. छातीत तिच्या दोन मुख्य शाखा होतात. उजवी रुंद, आखूड आणि सरळ असते, म्हणून लहान मुलांच्या श्वासात गेलेला शेंगदाणा बहुधा उजवीकडे अडकतो. उजव्या फुप्फुसाला तीन खंड, डाव्याला दोन. शाखा सुमारे २३ वेळा विभागत जातात आणि शेवटी कोट्यवधी वायुकोश येतात. वाटेतला चिकट स्राव आणि सूक्ष्म केस मोठी धूळ अडवतात. रुग्णाच्या खोकल्यातून उडालेले अतिसूक्ष्म तुषार मात्र जंतूसह थेट वायुकोशांपर्यंत जातात.

तेव्हा इलाज का नव्हता?

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू १८८२ मध्येच शोधला होता. पण क्ष-किरण १८९५ मध्ये सापडले आणि स्ट्रेप्टोमायसिन हे प्रभावी औषध थेट १९४३ मध्ये. आनंदीबाईंच्या काळात कारण माहीत होते, औषध नव्हते.

आज काय करावे?

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा थुंकीतून रक्त दिसल्यास तपासणी करून घ्यावी. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयासह सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले तरी तो मध्येच सोडू नये.