रणजी आणि ससेक्सचा संघ

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ससेक्स नावाचा परगणा आहे. परगण्याला तेथे काउंटी म्हणतात. १८३९ साली स्थापन झालेला ससेक्सचा क्रिकेट क्लब हा सर्व काउंटी क्लबांत जुना होय. १८७२ पासून हा क्लब होव्ह या गावच्या मैदानावर खेळू लागला. योगायोग असा की, त्याच वर्षी १० सप्टेंबर रोजी काठेवाडातील सडोदर या खेड्यात रणजितसिंहांचा जन्म झाला.

बालपणी नवानगरच्या गादीचे वारस म्हणून त्यांची निवड झाली होती. परंतु पुढे ती रद्द झाली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात त्यांना क्रिकेटची गोडी लागली. १८८८ साली ते शिक्षणासाठी इंग्लंडला गेले आणि केंब्रिजला राहू लागले. विद्यापीठाच्या संघात त्यांना सहजासहजी प्रवेश मिळाला नाही. तथापि खिन्न होऊन न बसता त्यांनी नामांकित गोलंदाजांसमोर तासन् तास सराव केला. १८९३ साली संघाचे दार उघडले.

१८९५ साली ससेक्सने त्यांना आपल्या संघात घेतले. लॉर्ड्सवरील पहिल्याच सामन्यात त्यांनी नाबाद ७७ व १५० धावा काढल्या. पायांवर येणारा चेंडू ते मनगटाच्या हलक्या वळणाने मागे सीमेकडे धाडीत. असा फटका प्रेक्षकांना अपूर्व वाटे.

त्या काळी कसोटीचा संघ निवडण्याचा अधिकार मैदानाच्या चालकांकडे असे. १८९६ साली लॉर्ड्सच्या चालकांनी रणजींना वगळले. मँचेस्टरच्या चालकांनी मात्र बोलावले. ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची हरकत नसेल तरच आपण खेळू, असे रणजींनी कळविले. ऑस्ट्रेलियाच्या कर्णधाराने आनंदाने संमती दिली. रणजींनी ६२ व नाबाद १५४ धावा केल्या. इंग्लंड हरले, पण या खेळाडूच्या योग्यतेविषयी शंका उरली नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये होव्ह येथे यॉर्कशायरविरुद्ध त्यांनी एकाच दिवशी दोन शतके झळकाविली. १८९९ साली ससेक्सने त्यांना कर्णधार केले. एका हंगामात तीन हजारांवर धावा काढण्याचा पराक्रम प्रथम त्यांनीच त्या वर्षी केला.

१९०७ साली ते नवानगरचे जामसाहेब झाले. १९१५ साली शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला. तरीही १९२० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते पुन्हा ससेक्सकडून मैदानात उतरले. धावा फारशा निघाल्या नाहीत.  पुढे त्यांचे पुतणे दुलीपसिंहजी हेही ससेक्सचे कर्णधार झाले.

२ एप्रिल १९३३ रोजी रणजी निवर्तले. पुढील वर्षी भारतात त्यांच्या नावाने रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली. काउंटी स्पर्धेचे विजेतेपद ससेक्सला २००३ साली प्रथम मिळाले. रणजींच्या हयातीत ते लाभले नाही. तरीही दूरदेशीच्या तरुणाचा रंग न पाहता त्याचा खेळ पाहणारा आणि त्याच्या हाती संघाची धुरा सोपविणारा क्लब म्हणून ससेक्सचे नाव चिरस्मरणीय झाले आहे.