कलामहर्षी कै. बाबूराव पेंटर

आपल्या मुरुडच्या किनाऱ्यावर होडी बांधली जात असताना ती पाहण्यास पुष्कळ विद्यार्थी उभे राहतात. लाकडास योग्य तो बाक कसा द्यावा, फळीस फळी कशी भिडवावी व पाणी आत येऊ नये म्हणून सांधे कसे बुजवावे, हे त्या कारागिरास कोणत्याही शाळेत शिकविलेले नसते. बापाच्या हाताखाली राहून व डोळे उघडे ठेवून त्याने ते मिळविलेले असते. अशा मनुष्यास आपण कुशल म्हणतो, परंतु विद्वान म्हणत नाही. हा भेद कितपत खरा आहे, याचा विचार ज्यांच्या चरित्राने करावयास लागतो, अशा एका महाराष्ट्रीय पुरुषाची ओळख या लेखात करून द्यावयाची आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ता. ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. घराणे कारागिरांचे होते. वडील कृष्णराव हे हाताने वाटेल ती वस्तू घडविणारे म्हणून प्रसिद्ध होते. बाबूरावांचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. चित्रकला, मूर्तिकला व यंत्रविद्या या तिन्ही गोष्टी त्यांनी घरीच, पाहून व करून, हस्तगत केल्या. त्यांचे चुलत बंधू आनंदराव हे त्यांचे सहाध्यायी, सहकारी व जिवलग मित्र होत. त्या काळी मराठी रंगभूमी भरभराटीत होती. केशवराव भोसले यांच्या ललितकलादर्शसारख्या नाटक मंडळ्यांस राजवाडे, अरण्ये व मार्ग यांचे भव्य पडदे लागत. ते रंगविण्याच्या कामी या बंधुद्वयाने एवढा लौकिक मिळविला की, मेस्त्री हे आडनाव मागे पडून पेंटर हेच नाव लोकांच्या तोंडी रूढ झाले.

इ. स. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट मुंबईत प्रदर्शित झाला. तो पाहून अनेकांचे मनोरंजन झाले, परंतु या दोघा बंधूंची झोप उडाली. पडद्यावर रंगविलेले अरण्य स्थिर असते, हे अरण्य मात्र हलत होते. आपणही असे चित्र काढावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. तथापि विलायतेहून कॅमेरा आणविण्याइतके द्रव्य त्यांच्याजवळ नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रे दाखविण्याचे एक यंत्र विकत घेतले, त्यावर लोकांस चित्रपट दाखविले व ते दाखविता दाखविता यंत्राचा अभ्यास चालविला. ज्या यंत्रातून चित्र बाहेर पडते, त्याची रचना नीट समजली तर चित्र आत घेणारे यंत्रही आपणांस घडविता येईल, असा त्यांचा सरळ तर्क होता.

हा उद्योग चालू असतानाच इ. स. १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. बाबूरावांचा उजवा हात गेला. दुसरा कोणी असता तर त्याने ते काम तेथेच सोडले असते आणि त्यास कोणी दोषही दिला नसता. बाबूरावांनी मात्र आपले शिष्य विष्णुपंत दामले यांस हाताशी घेऊन बंधूचे अपुरे राहिलेले काम पुढे चालविले आणि इ. स. १९१८ मध्ये कोल्हापुरातच घडविलेला चालता कॅमेरा सिद्ध झाला.

यंत्र झाले, पण भांडवल कोठून आणावे? ज्या धंद्यास प्रतिष्ठा नाही, त्यास पैसा देण्यास सावकार व व्यापारी कचरत. अशा वेळी कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर यांनी साहाय्य केले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. कोल्हापूर हे आपल्या जंजिऱ्याप्रमाणेच त्या वेळी एक संस्थान होते. मुंबईसारख्या महानगराच्या पेढ्यांपासून व कारखान्यांपासून दूर, संस्थानी गावात, स्वतःच्या यंत्रावर हा स्वतंत्र उद्योग सुरू झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' हा ता. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. फाळक्यांच्या पहिल्या चित्रात तारामतीचे काम एका पुरुषाने केले होते. बाबूरावांनी स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांसच दिल्या. गुलाबबाई व अनसूयाबाई या दोघींनी ते धाडस केले व त्याबद्दल आपल्या समाजाचा बहिष्कार सोसला. चित्रपटाचे यश सांगताना या दोन स्त्रियांनी दिलेली किंमत विसरणे अन्यायाचे होईल. कीचकवधाचा देखावा इतका हुबेहूब वठला होता की, प्रेक्षकांत घबराट उडाली असे सांगतात, व पुढे सरकारी आज्ञेने तो भाग गाळावा लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस सिनेमा केसरी ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला.

बाबूराव मूळचे चित्रकार, म्हणून चित्रपटाची प्रत्येक चौकट ते आधी कागदावर रेखाटीत. पात्रांचे पोशाख, अलंकार व घरांची ठेवण ही सर्व ते स्वतः योजीत. नुसत्या रंगविलेल्या पडद्यांवर न भागविता त्यांनी उंची, रुंदी व खोली असलेले खरेखुरे देखावे उभारले. जाहिरातीची मोठी भित्तिचित्रेही त्यांनी आपल्या हाताने रंगविली. इ. स. १९२३ मधील 'सिंहगड' या चित्रपटात रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर आपल्याकडे चित्रण बहुतांशी सूर्यप्रकाशावरच अवलंबून असे. त्यांच्या 'कल्याण खजिना' या चित्रपटास इ. स. १९२४ च्या वेंब्ले येथील प्रदर्शनात पदक मिळाले.

परंतु त्यांच्या कर्तृत्वाची खरी कसोटी इ. स. १९२५ मध्ये लागली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरून त्यांनी 'सावकारी पाश' हा चित्रपट काढला. त्यात देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. एक गरीब शेतकरी कर्जापायी सावकाराच्या हाती आपली जमीन गमावतो व पोटासाठी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच कथा. शेतकऱ्याची भूमिका तरुण व्ही. शांताराम यांनी केली. अंधुक प्रकाशातील एक उदास झोपडी व तिच्याजवळ रडणारे कुत्रे, एवढ्याच देखाव्याने त्या घरावर आलेली अवकळा बाबूरावांनी शब्दावाचून सांगितली. ज्या किनाऱ्यावर जाळी व होडी यांसाठी काढलेले कर्ज पिढ्यान्‌पिढ्या फिटत नसे, तेथील वाचकांस या कथेचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही.

हा चित्रपट धंद्याच्या दृष्टीने यशस्वी झाला नाही. पौराणिक अद्‌भुत व ऐतिहासिक पराक्रम यांस सरावलेल्या प्रेक्षकांस आपलेच दुःख पैसे देऊन पाहणे रुचले नाही. लोकांस जे आवडते तेच पुनः पुनः देण्याचा मार्ग सोपा होता व लाभाचाही होता, आणि बाबूरावांस तो उत्तम अवगत होता. तरीही त्यांनी एकदा तरी लोकांपुढे त्यांचे खरे रूप ठेविले. आज हिंदी चित्रपटाच्या इतिहासात वास्तव चित्रणाचा आरंभ ज्या थोड्या कृतींपासून मोजतात, त्यांत 'सावकारी पाश' याची गणना होते.

समाजाचा पुढारी म्हणजे व्यासपीठावरून बोलणारा, अशी आपली समजूत असते. बाबूराव अत्यंत मितभाषी होते. तथापि त्यांच्याभोवती जो समाज जमला, तो पाहता त्यांस पुढारी म्हणणे भाग आहे. निरनिराळ्या जातींची व धर्मांची, बहुधा अल्पशिक्षित अशी तरुण मंडळी त्यांच्या कंपनीत एकत्र आली. सुतारकाम, रंगकाम, चित्रण, अभिनय यांपैकी कोणतेही काम तेथे हलके मानले जात नसे. शांताराम तेथे पडेल ते काम करीत वर चढले व इ. स. १९२७ मध्ये 'नेताजी पालकर' हा चित्रपट त्यांनी तेथेच दिग्दर्शित केला. दामले व शेख फत्तेलाल या दोघांची जोडीही याच कारखान्यात तयार झाली.

इ. स. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे चौघे कंपनी सोडून गेले आणि सीताराम कुलकर्णी यांच्या सहकार्याने त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. तिकडे प्रभातचा उत्कर्ष होत गेला, आणि दामले व फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम' या चित्रपटाचा इ. स. १९३७ मध्ये व्हेनिस येथे गौरव झाला. ज्याने वृक्ष लावला तो उन्हात राहिला व फळे दुसऱ्या अंगणात पडली, असे कोणी म्हणेल. पण गुरूचे यश कोठे मोजावे? त्याच्या तिजोरीत, की शिष्यांच्या हातांत? दुसरे माप खरे धरल्यास बाबूरावांइतके यश फार थोड्यांच्या वाट्यास आले असेल.

पुढे बोलपटांचे युग आले. चित्रानेच सर्व काही सांगावे, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांस शब्दांचा हा सुकाळ मनापासून मानवला नाही. तरी त्यांनी 'उषा', 'प्रतिभा' इत्यादी बोलपट केले, 'सावकारी पाश' इ. स. १९३६ मध्ये पुन्हा बोलपटाच्या रूपात सादर केला आणि इ. स. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी' या चित्रपटासाठी आपले शिष्य शांताराम यांच्याबरोबर काम केले. चित्रकला व मूर्तिकला यांची साधना तर त्यांनी कधीच सोडली नाही. ता. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांनी देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत मिळणारे गुण तुच्छ आहेत, असे या चरित्रावरून कोणी समजू नये. शाळेचे दार ज्यांस सहज उघडे आहे, त्यांनी त्याचा पुरेपूर लाभ घ्यावा. परंतु साधन नाही म्हणून काम अडले, असे म्हणण्यापूर्वी कोल्हापुरातील त्या घरगुती कॅमेऱ्याची आठवण करावी, आणि किनाऱ्यावर होडी बांधणाऱ्या कारागिराजवळून जाताना त्याच्या हाताकडे थोड्या अधिक आदराने पाहावे.