जे.आर.डी. आणि वेळेचं गणित

सुट्टी जवळ आली की हॉस्टेलवर एकच चर्चा, घरी पोहोचायला किती तास? नागपूर-मुंबई विमानाने साधारण सातशे किलोमीटर, म्हणजे दीड तास. आपल्या नशिबी मात्र विदर्भ एक्स्प्रेसची अख्खी रात्र! भारतात हे तास कमी करण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचलं, ते जे.आर.डी. टाटा.

२९ जुलै १९०४ ला पॅरिसमध्ये त्यांचा जन्म झाला. आई फ्रेंच. केंब्रिजला जाऊन इंजिनिअर व्हायचं होतं, पण वडिलांनी मुंबईला बोलावलं आणि डिग्री राहूनच गेली. १९२९ मध्ये भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मात्र त्यांनी मिळवलं.

१९३० ची गोष्ट. इंग्लंड ते भारत हे अंतर एकट्याने उडून पार करायचं, अशी आगाखान बक्षिसाची स्पर्धा होती. जे.आर.डी. कराचीहून निघाले होते, अस्पी इंजिनिअर लंडनहून. इजिप्तमध्ये अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेले दिसले. जे.आर.डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग देऊन टाकले. अस्पी काही तासांनी जिंकले! पुढे ते हवाई दलाचे प्रमुख झाले.

१५ ऑक्टोबर १९३२. लंडनहून कराचीला आलेलं टपाल घेऊन जे.आर.डी. पहाटे पस मॉथ या एका इंजिनाच्या विमानातून निघाले. सोबत रेडिओ नाही, काही नाही. अहमदाबादला पेट्रोल भरलं आणि दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल पुढे मद्रासला नेलं. सोळाच वर्षांनी, जून १९४८ मध्ये, एअर इंडियाचं मोठं विमान कैरो, जिनिव्हा करत लंडनला पोहोचलं.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. जानेवारी १९४९ मध्ये सरकारने रात्रीची टपाल सेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पिशव्यांची अदलाबदल करून सकाळपर्यंत परत. मधोमध असल्याचा आपल्या शहराला झालेला हा फायदा! वाटतं ना, की जे.आर.डी. खूश झाले असतील? उलट त्यांनी विरोध केला. रात्रीच्या उड्डाणाची तयारी पुरेशी नाही, इतकी घाई नको, असं त्यांचं म्हणणं होतं. ते कोणी ऐकलं नाही. सेवा अनेक वर्षं चालली, लोकांना पत्रं लवकर मिळाली. पण डिसेंबर १९५३ मध्ये मद्रासला निघालेलं टपाल विमान नागपूरलाच कोसळलं आणि तेरा जण गेले.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे.आर.डी. पुन्हा एकटेच छोट्या विमानातून कराचीहून मुंबईला आले. २९ नोव्हेंबर १९९३ ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं.

रात्री सबमिशन लिहिताना सोनेगावला उतरणाऱ्या विमानाचा आवाज येतो, तेव्हा मला त्यांची आठवण येते. वेळ वाचवण्यासाठी धडपडणारा हा माणूस, पण कुठे थांबायचं हेही त्याला कळत होतं. आपण उद्या जे काही बनवू, त्यातही कोणीतरी बसणारच आहे ना?