शिल्पकार करमरकर आणि स्मारकांची घाई

भोर तालुक्यातील आंबवडे येथे कान्होजी जेधे आणि जिवा महाला यांच्या समाध्या आहेत. स्वराज्यासाठी वतनावर पाणी सोडणारा एक, तर प्रतापगडाच्या पायथ्याशी धन्यावर येणारा वार अडविणारा दुसरा. या दोघांच्या पराक्रमाने आपली पाठ्यपुस्तके उजळली आहेत. पण त्यांचे चेहरे कसे होते, हे आज कोणासही ठाऊक नाही. समाधीपुढे उभा राहणारा विद्यार्थी आपापल्या मनाने त्यांची मूर्ती घडवितो आणि घरी परततो. शिल्पकाराला मात्र अशी मोकळीक नसते. त्याची कल्पना धातूत उतरते आणि पुढच्या पिढ्या तिलाच सत्य मानून चालतात. ही जबाबदारी ज्यांनी पुरेपूर ओळखली, त्यांत कै. विनायक पांडुरंग करमरकर यांचे नाव अग्रभागी आहे.

अलिबागजवळील सासवणे या गावी 2 ऑक्टोबर 1891 रोजी त्यांचा जन्म झाला. घरी गणपतीच्या मूर्ती घडविल्या जात असल्यामुळे माती हेच त्यांचे पहिले खेळणे आणि पहिले पाठ्यपुस्तक ठरले. रंगांचेही वेड होतेच. त्या वेडापायी या मुलाने गावातील देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचे चित्र रंगविले. कुलाब्याचे तत्कालीन कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले आणि त्यांनी या मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट मोकळी करून दिली. भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून मुलांचे कान धरण्याची आपली रीत ध्यानी घेतली, म्हणजे त्या गुणग्राहकतेचे मोल कळते. किती खेड्यांतील किती भिंती अशा पारखी नजरेवाचून पांढऱ्या झाल्या असतील, याचा हिशेब कोण ठेवणार?

शिक्षण संपल्यावर सुरेंद्रनाथ टागोरांच्या प्रोत्साहनाने ते 1916 च्या सुमारास कलकत्त्यास गेले आणि तेथे त्यांचा जम बसला. वस्तुतः एवढ्यावर संसार सुखाने चालला असता. तरीही आपले ज्ञान अपुरे आहे, या जाणिवेने त्यांनी 1920 मध्ये विलायत गाठली. शरीररचनेचा अभ्यास आणि धातूच्या ओतकामाचे ज्ञान यांची जोड तेथे त्यांच्या उपजत कौशल्याला मिळाली.

हा सारा अभ्यास पणास लागला तो पुण्यात. राजर्षी शाहू महाराजांच्या पुढाकाराने योजलेल्या शिवस्मारकाची कोनशिला 1921 मध्ये बसविण्यात आली. पुढच्याच वर्षी शाहू महाराज निवर्तले. तथापि राजाराम महाराजांनी ते कार्य पुढे नेले आणि अश्वारूढ पुतळ्याचे काम करमरकरांकडे आले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा ब्राँझचा पुतळा एकसंध ओतण्यात आला. अशा पुतळ्यात घोड्याचे सारे वजन त्याच्या पायांवर येते. तोल जरा चुकला की सौंदर्य आणि सुरक्षितता दोन्ही जातात. 16 जून 1928 रोजी अनावरण झालेला तो पुतळा पुण्यातील श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात आजही उभा आहे. महाराजांची जुनी चित्रे मोजकीच. छायाचित्राचा तर प्रश्नच नाही. तेव्हा पुतळ्यातील मुद्रा ही कल्पनेचीच निर्मिती होय. परंतु देवळाच्या भिंतीपासून पुण्याच्या चौथऱ्यापर्यंतची अनेक वर्षांची तयारी त्या कल्पनेच्या पाठीशी होती.

करमरकरांची प्रतिभा केवळ राजेमहाराजांत रमली नाही. शंख फुंकणारी स्त्री, कोळीण, हमाल, इतकेच काय, दावणीची म्हैससुद्धा त्यांना तितकीच आदरणीय वाटली. ब्राँझ महाग आणि त्याला ओतशाळा हवी. कच्ची माती सुकून तडकते, प्लॅस्टर पावसात टिकत नाही. यावर त्यांनी सिमेंटचा मार्ग शोधला. घरे बांधण्याच्या या रुक्ष मालातून त्यांनी त्वचेचा मऊपणा आणि जनावराच्या अंगाचा भार साकार केला. कलाकृती घडवावयास धनिकाची थैली हवीच असे नाही, हे त्यांनी स्वतःच्या अंगणात सिद्ध केले. 13 जून 1967 रोजी त्यांचे निधन झाले. सासवण्याचे त्यांचे घर आज संग्रहालय झाले असून दीडशेच्या आसपास शिल्पे तेथे पाहावयास मिळतात.

हे सारे आज आठवण्याचे कारण उघड आहे. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर डिसेंबर 2023 मध्ये अनावरण झालेला शिवपुतळा ऑगस्ट 2024 मध्ये, म्हणजे अवघ्या आठ महिन्यांत, कोसळला. तो का कोसळला याची चर्चा पुष्कळ झाली. पण पुतळ्याची उंची आणि अनावरणाची तारीख आधी ठरावी व शिल्पकाराचा विचार मागाहून व्हावा, ही आपली सार्वजनिक सवय त्या चर्चेनंतरही सुटलेली नाही. स्मारक भव्य झाले म्हणजे भक्ती सिद्ध होते, असा आपला समज आहे. करमरकरांचे आयुष्य याच्या नेमके उलट सांगते: भक्तीची कसोटी अभ्यासात लागते.

अलिबागच्या समुद्रावर दरवर्षी शेकडो शालेय सहली जातात. त्यांतील काहींनी वाट वाकडी करून सासवणे गाठावे, एवढी अपेक्षा शिक्षकांकडून बाळगणे गैर ठरू नये. चांगला पुतळा कशाला म्हणतात हे ज्या मुलांना एकदा कळेल, ती उद्या नागरिक म्हणून वाईट पुतळा मुकाट्याने स्वीकारणार नाहीत.