देवळालीचे गणिती मास्तर : कै. द. रा. कापरेकर

ह्या स्मरणिकेतील चरित्रलेखासाठी यंदा आम्ही एका शाळामास्तरांची निवड केली आहे. ते कोणत्या ज्ञातीचे, ही चौकशी आम्ही मुद्दामच केलेली नाही. आपल्या ज्ञातीत शिक्षकी पेशा पत्करलेली कुटुंबे थोडी नाहीत. त्यांस हे चरित्र परके वाटणार नाही.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठव्या वर्षी मातृछत्र हरपले. वडील कारकून असून त्यांस फलज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलास त्यांच्यापासूनच लागली. ठाण्यास शालेय शिक्षण झाल्यावर त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांस मिळाले. १९२९ साली ते बी. एस्सी. झाले आणि पुढील वर्षी देवळालीस शिक्षक म्हणून रुजू झाले. तेथेच त्यांचे आयुष्य गेले.

ज्या संख्येने त्यांचे नाव अजरामर केले ती ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा केल्यास ९३५१ येतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीस ६१७४. येथे वाट संपते, कारण ७६४१ मधून १४६७ गेले की पुन्हा ६१७४ च उरतात. सातापेक्षा अधिक वजाबाक्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत.

ह्यात जादू नाही. पहिल्या वजाबाकीचे उत्तर दोनच गोष्टींवर ठरते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. पहिल्याची ९९९ पट व दुसऱ्याची ९० पट मिळविली की उत्तर येते. त्यामुळे हजारो संख्या पहिल्याच पावलात अवघ्या ५४ उत्तरांत गोळा होतात, आणि त्या ५४ वाटा ६१७४ ला येऊन मिळतात. ह्या संख्येच्या अंकांची बेरीज १८. आणि १८, त्याचा वर्ग ३२४ व त्याचा घन ५८३२ मिळविले तरी ६१७४ च होतात!

हा शोध त्यांस १९४६ साली लागला. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तो जाहीर केला. परंतु आपल्याकडील कित्येक पंडितांस हा पोरखेळ वाटला. कापरेकरांपाशी ना संशोधकाची पदवी, ना विद्यापीठातील आसन. ते पदरमोड करून परिषदांस जात, पुस्तिका स्वतःच छापवीत. त्यांचे गणित कलनशास्त्राइतके खोल नव्हते, हे आम्हीही मान्य करतो. परंतु जे दहा वर्षांच्या मुलास पडताळता येते ते क्षुद्र ठरविणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

आपल्या संख्यांस नावे ठेवण्यात ते मोठे रसिक होते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या त्या हर्षद. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून ज्या होत नाहीत त्या स्वयंभू. डेम्लो संख्यांचे नाव तर डोंबिवली स्थानकावरून आलेले! ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५: अशा संख्यांस आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात.

१९६२ साली ते निवृत्त झाले. १९६६ साली पत्नीवियोग घडला. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांची कीर्ती सर्वदूर पोहोचली. त्या वेळी त्यांचे वय सत्तर होते.

१९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले. घरातील मुलांनी हे सालही वरील रीतीने करून पाहावे. पहिल्याच वजाबाकीस ८१७२ येतात, आणि तेथून पुढची वाट जन्मसालाचीच आहे.