कृष्णविवर हा शब्दही रुळला नव्हता, तेव्हा बनारसमध्ये एक कोल्हापूरकर सापेक्षता शिकवत होता

नोव्हेंबरातल्या अमावास्येला मालगुंडच्या किनाऱ्यावर उभं राहिलं आणि आकाश स्वच्छ असलं, तर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी पुसट ढगासारखी दिसते. तिच्याशेजारच्या एम 32 या खुज्या दीर्घिकेसाठी मात्र दुर्बीण लागते. तिच्या केंद्रात लाखो सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे, पण ते शांत आहे. एनजीसी 4395 या छोट्या दीर्घिकेतलं मात्र सक्रिय आहे. ते भोवतालचा वायू गिळतं आणि आत पडताना तापलेला तो वायू लखलखतो.

असं वाढत जाणारं कृष्णविवर गणितात मांडायचं कसं? या प्रश्नाची वाट विष्णू वासुदेव नारळीकर यांच्यापर्यंत जाते. डॉ. जयंत नारळीकरांचे हे वडील.

त्यांचा जन्म 26 सप्टेंबर 1908 चा, कोल्हापूरचा. मुंबईत बी.एस्सी. करून ते केंब्रिजला गेले, रँग्लर झाले. आर्थर एडिंग्टन यांच्यासारख्या दिग्गजांच्या सहवासात त्यांना संशोधन करता आलं. पुढची वाट तिथेच मोकळी होती. पण पंडित मदनमोहन मालवीयांनी बोलावलं आणि 1932 मध्ये, ऐन चोविशीत, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले.

सापेक्षतेवर काम करणारे तेव्हा जगातही मोजकेच होते. तरी नारळीकरांनी बनारसमध्ये विद्यार्थी घडवले. 1942 मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आला. हाताशी होती ती फक्त साठवलेली पुंजी. ती संपेपर्यंतच मुक्काम.

प्रश्न असा होता : श्वार्झशिल्डचं 1916 चं सूत्र ताऱ्याबाहेर निव्वळ पोकळी धरतं. पण खरा तारा प्रकाश फेकतो, म्हणजे त्याचं वस्तुमान सतत घटतं. मग त्याच्याभोवतीचं गुरुत्वाकर्षण कसं असेल? नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली वैद्यांनी उत्तर काढलं आणि 1943 मध्ये ते प्रसिद्ध झालं.

त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही. 1963 मध्ये क्वेसार ओळखले गेले, सापेक्षतेला पुन्हा भाव आला आणि वैद्यांचं सूत्र जगभर पोहोचलं. त्यातली प्रारणाची दिशा उलटी केली, प्रकाश बाहेर न जाता आत पडतो असं धरलं, की तेच सूत्र वाढत्या कृष्णविवराचं होतं. खऱ्या कृष्णविवराभोवती वायूची तबकडी असते, गुंतागुंत बरीच असते. हे त्याचं सर्वांत साधं रूप.

नारळीकर 1960 पर्यंत बनारसमध्ये होते. नंतर राजस्थान लोकसेवा आयोगाचं अध्यक्षपद आणि मग पुणे विद्यापीठ. त्याच पुण्यात 1988 मध्ये त्यांच्या मुलाने 'आयुका' उभी केली. 1 एप्रिल 1991 रोजी नारळीकर गेले. त्या सूत्राला आज जगभर वैद्यांचं नाव आहे, शिक्षकाचं नाही. चांगल्या शिक्षकाच्या बाबतीत बहुधा असंच होतं.